सर्वांत दुष्ट कोण? मराठी साहित्यातील खलपात्रांची तुलना

प्रस्तावना

साहित्याच्या वर्गात खलपात्रांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : या सगळ्यांत सर्वांत दुष्ट कोण? भिलाईसारख्या गावात या प्रश्नाची उत्तरे चारी दिशांनी येतात. दसऱ्याला सेक्टरांच्या मैदानांवर रावण जळतो, म्हणून कोणी रावण म्हणते. ‘शोले’ (१९७५) मधला गब्बर आणि ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधला मोगॅम्बो आईवडिलांच्या पिढीकडून येतात. विश्वातले निम्मे जीव एका चुटकीसरशी नाहीसे करणारा थॅनॉस आजच्या मुलांकडून येतो. कारखान्यामुळे विदर्भातून इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांमधल्या मुलांना या यादीत मराठी नाव सुचवायला सांगितले, तर मात्र थोडा वेळ शांतता पसरते.

हा प्रश्न पोरकट समजून बाजूला सारण्याची सवय समीक्षेला आहे. ते योग्य नाही. दुष्टपणाची क्रमवारी लावताना आपण एक मापपट्टी वापरत असतो आणि तीच मापपट्टी पुढे पुस्तकाबाहेरच्या माणसांनाही लावतो. ती चुकीची असेल तर खरा दुष्ट समोर बसलेला असूनही ओळखू येत नाही. या टिपणात आपण मराठी साहित्यातील काही ठळक खलपात्रे घेऊ, नेहमीच्या मापांच्या मर्यादा पाहू, एक वेगळी कसोटी मांडू आणि शेवटी एक नाव निश्चित करू.

१. ‘खल’ म्हणजे काय?

संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायकाच्या विरोधकाला ‘प्रतिनायक’ म्हणतात. धनंजयाच्या ‘दशरूपका’त हा प्रतिनायक लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असतो असे लक्षण दिले आहे. तो नायकाच्या तोडीचा असावा लागतो, नाहीतर नायकाच्या विजयाला किंमत राहत नाही. म्हणजे प्रतिनायक ही कथानकातली एक जागा आहे. ‘खल’ हा शब्द मात्र स्वभावाकडे बोट दाखवतो. रावण प्रतिनायक आहे, पण तो खल आहे का, यावर मतभेद होऊ शकतो आणि तसा तो झालेलाही आहे. मंथरा कथानकात अगदी छोटी आहे. ती प्रतिनायक नक्कीच नव्हे, तरीही लोकांच्या तोंडी तिचे नाव शिवीसारखे येते.

ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, असे मागितले आहे. खलत्व हे माणसापासून वेगळे करता येते, ही कल्पना त्यामागे आहे. पुढे घनश्यामाचा विचार करताना ती उपयोगी पडेल.

२. नेहमीची मापे

पहिले माप म्हणजे हानी : किती माणसे मेली, किती घरे उद्ध्वस्त झाली. या मापाने थॅनॉस सगळ्यांच्या पुढे जातो आणि चर्चा तिथेच संपते. पण वाचकाचा अनुभव या मापाशी जुळत नाही. ‘हॅरी पॉटर’ मालिकेत वॉल्डेमॉर्ट हा खुनी आहे, तरी पाचव्या पुस्तकातली (२००३) शिक्षिका अंब्रिज अनेक वाचकांना त्याच्यापेक्षा जास्त संतापजनक वाटते. ती मुलांना त्यांच्याच रक्ताने ओळी लिहायला लावते आणि हे सगळे नियमात बसवून, गोड हसत करते. म्हणजे प्रेतांची मोजणी पुरेशी नाही.

दुसरे माप म्हणजे हेतू. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील इयागोबद्दल कोलरिजने म्हटले की तो आपल्या दुष्टपणासाठी हेतू शोधत राहतो, खरा हेतू नाहीच. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणले आणि गो. ब. देवलांनी १८९० साली त्याचे ‘झुंजारराव’ केले. त्यामुळे कारणाशिवाय दुष्ट असणारा माणूस मराठी रंगभूमीला फार लवकर भेटला. पण निर्हेतुक दुष्टपणा हा लोभातून आलेल्या दुष्टपणापेक्षा अधिक वाईट का, याचे उत्तर हे माप देत नाही.

तिसरे माप म्हणजे विश्वासघात. दान्तेच्या ‘इन्फर्नो’त नरकाची चक्क क्रमवारीच लावली आहे. तिथे हिंसा करणारे वर आहेत आणि विश्वासघातकी सर्वांत खाली, गोठलेल्या तळाशी आहेत. ज्याने विश्वास ठेवला त्यालाच फसवणे हे दान्तेला खुनापेक्षा मोठे पाप वाटते. हे माप पहिल्या दोघांपेक्षा सूक्ष्म आहे, पण ते फसवणाऱ्या एकट्याकडे पाहते. त्याच्याभोवती उभ्या असलेल्यांकडे पाहत नाही.

म्हणून आपण चौथा प्रश्न विचारू : या पात्राला थांबवायला काय काय बदलावे लागले असते? एखादा बलवान माणूस पुरला असता, की राजा बदलावा लागला असता, की सगळ्यांचा आचारच बदलावा लागला असता? त्याच्या जोडीला एक अट ठेवू : आपण काय करतो आहोत हे त्या पात्राला कळत असले पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र लावून आता एकेक पात्र पाहू.

३. दुःशासन : भिलाईच्या अंगणातला खल

भिलाईच्या वाचकाला दुःशासन पुस्तकातून भेटण्याआधी पंडवानीतून भेटतो. भिलाईजवळच्या गनियारीत १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी ही कथा जगभर नेली. त्यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. बायकांनी बसून गायच्या वेदमती शैलीऐवजी त्यांनी उभ्याने सादर होणारी कापालिक शैली उचलली. त्यांच्या सादरीकरणातले सर्वांत गाजलेले प्रसंग म्हणजे द्रौपदीचे वस्त्रहरण आणि दुःशासनवध.

पंडवानीचा नायक भीम आहे. कलावंताच्या हातातला तंबुरा क्षणात गदा होतो, क्षणात दुःशासनाचा उपटलेला हात होतो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. खल आणि त्याचा वध करणारा, दोघेही एकाच शरीरातून बोलतात. खलासाठी वेगळा नट नाही, वेगळा मुखवटा नाही. शेजारी बसलेला रागी हुंकारी देत राहतो, प्रश्न विचारतो, कथा पुढे ढकलतो. कथा ऐकणाऱ्यांच्या संमतीने पुढे सरकते, हे डोळ्यांसमोर दिसत असते.

आता दुःशासनाला आपली कसोटी लावू. वस्त्राला हात त्याचा, पण हुकूम दुर्योधनाचा. द्यूत शकुनीचे. आणि सभा सगळ्यांची : भीष्म आहेत, द्रोण आहेत, धृतराष्ट्र आहे. कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून बोलतो की हे अधर्माचे आहे, आणि कर्ण त्याला गप्प करतो. दुःशासनाला थांबवायला काय लागले असते? एका भीमाचे बाहुबळ पुरले असते, आणि शेवटी तेच पुरते. दुःशासन हा हात आहे. हात तोडता येतो, आणि पंडवानीत तो श्रोत्यांसमोर तोडलाही जातो. सभेच्या मौनाचा वध मात्र कुठल्याच गदेने होत नाही. दुःशासनाचे कृत्य अत्यंत किळसवाणे आहे, पण दुष्टपणाच्या क्रमात तो खालच्या पायरीवर येतो.

४. कीचक : सत्तेचा मेहुणा

कीचकाची गोष्ट एक पायरी वर जाते. तो विराटाचा मेहुणा आणि सेनापती आहे. सैरंध्रीच्या रूपात राहणारी द्रौपदी त्याच्या तावडीतून सुटून भर दरबारात धावत येते, आणि तो तिथे राजासमोर तिला लाथ मारतो. राजा काहीच करत नाही, कारण त्याचे राज्य कीचकाच्या जोरावर चालले आहे. दुःशासनाला वरून हुकूम होता. कीचकाला हुकमाची गरजच नाही.

कृ. प्र. खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला. सैरंध्री म्हणजे देश, भीम म्हणजे जहाल, धर्मराज म्हणजे मवाळ आणि विराट म्हणजे दुबळे सरकार, असा अर्थ लोकांनी सहज लावला. सरकारनेही तोच लावला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. खलपात्राच्या इतिहासात ही घटना मोलाची आहे. नाटकातल्या दुष्टाला थांबवण्याची युक्ती प्रेक्षक घरी घेऊन जातील, अशी भीती राज्यकर्त्यांना वाटली.

पण युक्ती काय होती? पुन्हा भीमच. कीचक मेला की सैरंध्री सुटते. खाडिलकरांच्या नाटकाची ताकद या सरळपणात आहे आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे. कर्झन १९०५ सालीच परत गेला होता, राज्य मात्र तसेच चालू राहिले. ज्या दुष्टाच्या जागी लगेच दुसरा बसू शकतो, तिथे एका माणसाच्या वधाने प्रश्न सुटत नाही.

५. घनश्याम आणि तळीराम : गडकऱ्यांचे दोन खल

राम गणेश गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ हे त्यांचे शेवटचे पूर्ण नाटक. १९१९च्या जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचा मृत्यू झाला, त्याच्या काही तास आधी ते लिहून पूर्ण झाले असे सांगतात. यातला घनश्याम हा मराठी रंगभूमीवरचा बहुधा सर्वांत लाडका खल आहे. चिंतामणराव कोल्हटकरांनी ही भूमिका गाजवली, तेव्हा लतिकेच्या भूमिकेत दीनानाथ मंगेशकर होते. लतिकेने केलेल्या अपमानाचा सूड घेण्यासाठी घनश्याम साऱ्या घराला जाळ्यात अडकवतो.

त्याला लाडका का म्हणायचे? कारण त्याला भाषा मिळाली आहे. गडकऱ्यांनी आपली सर्वांत धारदार वाक्ये त्याच्या तोंडी घातली. इयागो आपले बेत प्रेक्षकांना आधीच सांगतो आणि आपण नकळत त्याचे भागीदार होतो. घनश्यामाचेही तसेच होते. त्याची जखम खरी आहे, तिची कळ आपल्याला जाणवते आणि टाळ्या त्यालाच पडतात. हा खलपात्राचा मोह आहे. समीक्षकाने त्याचा आनंद जरूर घ्यावा, पण त्या भरात गुण देऊ नयेत. घनश्यामाला थांबवायला काय लागते? त्याचे मन बदलणे. पसायदानात मागितले आहे ते इथे शक्य कोटीतले आहे. म्हणून घनश्याम आपल्या यादीत बराच खाली येतो.

‘एकच प्याला’तला तळीराम याच्या उलट आहे. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक आणले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्र रडवला. तळीराम विनोदी आहे. त्याचे आर्य मदिरा मंडळ पाहून प्रेक्षागृह हसते. तो कोणाला मारत नाही, कोणाचे लुटत नाही. सनद गमावलेल्या, अपमानाने पोळलेल्या सुधाकराच्या हातात तो फक्त पहिला प्याला देतो. पुढचे सगळे सुधाकर स्वतःच्या हाताने करतो : मूल जाते, सिंधू जाते, शेवटी तो स्वतः विष पितो.

हानीच्या मापाने तळीराम मोठा ठरेल. पण त्याला आपण कोणाचा नाश करतो आहोत याचे भान आहे का? तो स्वतःही त्याच प्याल्यात बुडालेला आहे. जाणतेपणाची अट तो पुरी करत नाही. त्याला थांबवायला एकाच माणसाचा एकच नकार पुरला असता, आणि नाटकाचे नावच ते सांगते. तळीरामाची गोष्ट भयंकर आहे, पण ती दुष्टपणापेक्षा दुबळेपणाची आहे.

६. घाशीराम आणि नाना : हात आणि डोके

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर झाले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे आणि नानाच्या भूमिकेत मोहन आगाशे. कनौजहून आलेला घाशीराम पुण्यात चोर ठरवला जातो, अपमानित होतो आणि सूडाची शपथ घेतो. आपली मुलगी गौरी नानाच्या हवाली करून तो कोतवाली मिळवतो. मग शहरावर जुलूम करतो. गौरी मरते, लोक उठतात, नाना एका सहीने घाशीरामला जमावाच्या स्वाधीन करतो आणि पुन्हा उत्सव सुरू होतो.

नाटकाचे नाव घाशीरामचे आहे, म्हणून पहिल्या पाहण्यात तोच खल वाटतो. पण त्याला थांबवायला एक सही लागते आणि ती सही करणारा शेवटी रंगमंचावर शाबूत उभा असतो. जुलमाची सोय नानाने केली, फायदा नानाने घेतला आणि न्याय दिल्याचे श्रेयही नानानेच घेतले. रंगमंचावर ब्राह्मणांची मानवी भिंत उभी असते. ती गाते, नाचते आणि गरज पडेल तेव्हा पाठ फिरवून नानाची कृत्ये झाकते. महाभारताची सभा गप्प बसली होती. ही भिंत ठेक्यात डुलते.

इथे आपल्याला पहिल्यांदाच असा खल मिळतो की ज्याला कथा संपवू शकत नाही. नाना जाणता आहे, लाभार्थी आहे आणि स्वतःच्या हाताला रक्त लागू देत नाही. (नाटकातला नाना हे पात्र आहे. इतिहासातल्या नाना फडणविसांच्या मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे मिसळू नये.) तरीही नानाची ताकद त्याच्या पदात आहे. पद गेले की नाना गेला. पेशवाई १८१८ साली संपली, तेव्हा तसा नाना होण्याची खुर्चीच उरली नाही.

७. काशीकर आणि दामले : खुर्चीवर बसलेला आणि न आलेला

तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये खेळ म्हणून अभिरूप न्यायालय भरते. काशीकर न्यायाधीश होतात, सुखात्मे वकील होतात आणि बेणारेबाई आरोपी. आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळ खरा होतो, बाईंचे खासगी आयुष्य उघडे पाडले जाते. शेवटी भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते.

या लोकांपैकी कोणीही स्वतःला दुष्ट समजत नाही. कामधंद्यात आणि संसारात पराभूत झालेली ही सामान्य माणसे आहेत, त्यांना एका दुपारपुरती सत्ता मिळाली आहे. आइकमनच्या खटल्यावरच्या आपल्या पुस्तकात (१९६३) हॅना आरेन्ट यांनी विचार न करणाऱ्या सामान्य माणसाच्या दुष्टपणाबद्दल लिहिले. काशीकरांचे कोर्ट त्याच कुळातले आहे. पण आपली जाणतेपणाची अट इथे अडते. काशीकरांना आपण संस्कृतीचे रक्षण करतो आहोत असे मनापासून वाटते.

नाटकातला जाणता माणूस एकच : प्राध्यापक दामले. बेणारेबाईंच्या पोटातले मूल त्यांचे. ते नाटकात येतच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी राहते, आणि त्यांची चौकशी करण्याची गरज कोणालाही वाटत नाही. मराठी नाटकात इतका सुरक्षित खल दुसरा नाही. पण आपण त्यांना पहिला क्रमांक देऊ शकत नाही, कारण नाटक त्यांना मन देत नाही. त्यांनी दुष्टपणा केला की भित्रेपणा, हे ठरवायला लेखकाने पुरावा ठेवलेला नाही.

८. शंकरमामंजी : धर्माच्या आडचा जाणता माणूस

हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. यमू स्वतः आपली कहाणी सांगते. तिचा नवरा रघुनाथ सुधारक वृत्तीचा, तिला शिकवणारा. तो अकाली मरतो, आणि सासरच्या घरातले शंकरमामंजी डाव साधून यमूचे सक्तीने केशवपन करवतात.

रंगमंचावरच्या इतर खलांशी तुलना केली तर शंकरमामंजींचे कृत्य फार छोटे दिसते. कोणी मेले नाही, रक्त सांडले नाही, गावात गवगवा झाला नाही. काही मिनिटांत वस्तरा फिरला. पण आता आपला प्रश्न विचारा : त्यांना थांबवायला काय लागले असते?

भीम उपयोगाचा नाही, कारण वध करण्यासारखा गुन्हाच जगाच्या दृष्टीने घडलेला नाही. राजा उपयोगाचा नाही. इंग्रजांचा कायदा या बाबतीत हात घालत नव्हता. मनपरिवर्तनाची आशा नाही, कारण आपण चुकलो असे म्हणण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. शेजारीपाजारी, भटजी, घरातल्या थोरल्या बायका, सगळ्यांच्या लेखी त्यांनी धर्माप्रमाणे केले. यमूला आपल्यावर अन्याय झाला हे म्हणायला शब्दसुद्धा समाजाने दिलेला नाही. कादंबरीचे नावच मुळी प्रश्नाच्या रूपात आहे.

जाणतेपणाची अटही इथे पुरी होते. काशीकरांसारखे शंकरमामंजी भाबडे नाहीत. देवधर्माचा देखावा आणि प्रत्यक्ष वागणे यांतली दरी कादंबरी वाचकाला स्पष्ट दाखवते. रूढी ही त्यांची श्रद्धा नसून त्यांचे हत्यार आहे. श्रद्धेने चुकणारा माणूस एक दिवस शंकेने थांबू शकतो. हत्यार म्हणून रूढी वापरणाऱ्याला शंका येत नाही, कारण तो मुळात कशावर विश्वासच ठेवत नाही.

आणि त्याला खुर्ची लागत नाही. नाना होण्यासाठी फडणिशी लागते. शंकरमामंजी होण्यासाठी घरात वडीलकीचे नाते असले की पुरते. असा माणूस वाड्यात असू शकतो, चाळीत असू शकतो, कारखान्याच्या क्वार्टरमध्येही असू शकतो.

९. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : हे माप पात्राचे झाले की समाजाचे? थांबवायला कठीण असणे हा समाजाचा दोष, त्याचे खापर एका शंकरमामंजींवर का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जाणतेपणाची अट आवश्यक आहे. रूढी हजारो लोक पाळत होते. ते सगळे समान दुष्ट नव्हते. ज्याने रूढीचा पोकळपणा ओळखला आणि तरीही तिच्या आड उभे राहून एका निराधार बाईवर घाव घातला, त्याचा दोष वेगळा. समाजाने आडोसा दिला, त्या आडोशाचा उपयोग करण्याची निवड त्याची होती.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. कादंबरी यमूच्या तोंडून येते. शंकरमामंजींना स्वतःची बाजू मांडायला घनश्यामासारखी स्वगते मिळत नाहीत. मग तुलना न्याय्य कशी? उत्तर असे की हे हरिभाऊंनी केलेले मोलाचे काम आहे. त्यांनी खलाला भाषेचे वैभव दिले नाही, त्यामुळे मोहाला जागाच राहिली नाही. सोसणारीच्या डोळ्यांनी पाहिल्यावर खल आकर्षक दिसत नाही, तो फक्त दारात उभा असतो. खलाच्या बोलण्याने आपण दिपतो की सोसणाऱ्याच्या बोलण्याने जागे होतो, हा निवेदनाचा प्रश्न आहे आणि नैतिकही.

याच ठिकाणी एक सावधगिरी. लोकस्मृती खलाचे नाव नेहमी न्यायाने ठरवत नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला असे आपण शाळेत शिकतो, पण बोलीभाषेत उरला तो आनंदीबाईंच्या नावावरचा ‘ध’ चा ‘मा’. मंथरेचेही तेच झाले. बाई हाताशी असली की तिला खल ठरवणे सोपे जाते. क्रमवारी लावताना आपण कोणाचे नाव पटकन घेतो आणि कोणाचे घेत नाही, हे तपासून पाहावे.

१०. निष्कर्ष : हात नाकारणारे

भिलाईहून नागपूरकडे जाताना दुर्गनंतर राजनांदगाव लागते. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८पासून शिकवत होते. त्यांच्या ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्री एक मिरवणूक निघते. तिच्यात शहराचा कुप्रसिद्ध गुंड डोमाजी उस्ताद आहे, आणि त्याच्याबरोबर दिवसा मान मिळवणारे विद्वान, कवी, मंत्री आणि उद्योगपती चालले आहेत. कवितेतल्या ‘मी’ला खरा धोका पोहोचतो तो हे दृश्य पाहिल्यामुळे. गुंडाला सगळे ओळखतात. मिरवणुकीतल्या बाकीच्यांना ओळखणे हा गुन्हा ठरतो. शंकरमामंजी त्या मिरवणुकीत शोभले असते.

तेव्हा आपले उत्तर असे. वर पाहिलेल्या पात्रांत सर्वांत दुष्ट शंकरमामंजी, त्यांच्या पाठोपाठ नाना, मग कीचक, मग दुःशासन, त्याखाली घनश्याम. घाशीराम दुःशासनाच्या पंगतीला, कारण तोही हात आहे. तळीराम आणि काशीकर वेगळ्या यादीत, दुबळ्यांच्या आणि भाबड्यांच्या. दामल्यांची खुर्ची रिकामी ठेवू.

पण ही क्रमवारी निराशेची नाही, आणि त्याचे कारण कादंबरीबाहेर सापडते. हातांशिवाय दुष्टपणा चालत नाही. दुर्योधनाला दुःशासनाचा हात लागला, नानाला घाशीरामाचा. शंकरमामंजींनाही वस्तरा चालवायला कोणीतरी लागणारच होते. ज्या १८९० साली ही कादंबरी छापून येऊ लागली, त्याच साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी सभा घेतली आणि यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला. ज्या प्रश्नाला भीम, राजा आणि कायदा पुरे पडत नव्हते, त्याला एका कारागीर समाजाने आपल्या बाजूने उत्तर दिले : आमचा हात मिळणार नाही.

विकर्ण सभेत एकटा उठला म्हणून गप्प केला गेला. न्हावी मिळून उठले. खलपात्रांच्या तुलनेतून काही शिकायचे असेल तर ते इथे आहे. सर्वांत दुष्ट कोण, हे विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा : त्याच्या कामाला कोणाकोणाचे हात लागतात, आणि त्यांत आपला आहे का?

स्वाध्याय

१. प्रतिनायक आणि खल यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. दुःशासन आणि घाशीराम या दोघांना ‘हात’ म्हणणे कितपत योग्य आहे? त्यांची स्वतःची जबाबदारी किती, ते लिहा.

३. तुमच्या घरी किंवा परिसरात ऐकलेल्या पंडवानीतील एखादा प्रसंग घ्या. त्यात रागीच्या हुंकारीमुळे खलपात्राकडे पाहण्याची श्रोत्यांची दृष्टी कशी घडते, याचे निरीक्षण नोंदवा.

४. या टिपणातील क्रमवारी तुम्हांला मान्य नसेल तर वेगळी कसोटी मांडा आणि तिच्या आधारे नवी क्रमवारी लावा. कसोटी आधी लिहावी, नावे नंतर.